काळूला समुद्र दाखवायचा आहे

आमच्या करडीच्या नामदेवमामांना कुठलंही नवं पाणी दिसलं की ते आधी कुत्र्याला पाजत. तलाव असो, बोडी असो, नाहीतर पाहुण्यांच्या घरचा हौद. काळू लपलप प्यायला की पाणी पास. मग गावही पास आणि गावातली माणसंही. पुतणीसाठी पाहिलेलं एक चांगलं स्थळ काळूने विहिरीच्या पाण्याकडे पाठ फिरवली म्हणून मोडलं होतं. "आधी पानी पाहावं बाबू, मानूस मंग."

गावच्या तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडायचा मान मामांच्या घराकडे. मामी केव्हाच वारल्या होत्या. एकुलता एक रमेश धानाच्या बांध्या सोडून विशाखापट्टणमच्या बंदरात नोकरीला गेला, तेव्हा मामांनी शपथच घेतली, "याच्या दारात पाय ठेवनार नाई!" त्यानंतर बापलेकांचं बोलणं नव्हतं.

जनता सरकार होतं तेव्हाची गोष्ट. धानाची चुरणी-मळणी आटोपली होती आणि मी शिकवायचो त्या तुमसरच्या शाळेला नाताळची सुट्टी होती. मामांनी आपली जुनी जीप माझ्या दारात आणून उभी केली.

"चाल. काळूले समुद्र दाखवाचा आहे."

"मग मुंबईला जाऊ ना मामा."

"तो समुद्र नाई. इशाखापट्टनमचा."

मी हसू दाबलं. काळूला पिल्लू असताना रमेशनेच घरी आणलं होतं, हे साऱ्या करडीला ठाऊक होतं.

जीप चालवायला मी, शेजारी पुढच्या सीटवर काळू, मागे घोंगडं पांघरून मामा. रायपूरला लॉजवाला म्हणाला, "कुत्ता नहीं चलेगा." मामा भडकले. "कुत्ता किसको बोलता? घर का आदमी है!" आम्ही तिघे जीपमध्येच झोपलो. मला रात्रभर काळूच्या पिसवा चावल्या.

समुद्रापाशी मामा धोतर वर धरून कितीतरी वेळ डावी-उजवीकडे पाहत राहिले.

"याची पार कोठी आहे?"

"समुद्राला बांध नसतो मामा."

"अन् तुडूम?"

"तेही नसतं."

"मंग पानी सोडते कोन?"

तेवढ्यात काळूने एक घोट घेतला, शिंकला आणि मामांच्या धोतरात शिरला. साफ नापास. मामांचा चेहरा उतरला. "अशा पान्याकाठी पोरगं कसं राहात असन बाबू?"

मला फार वाईट वाटलं. रमेशचा पत्ता माझ्याकडे होता; न विचारता मी जीप त्याच्या क्वार्टरकडे घेतली. मामांनीही काहून म्हणून विचारलं नाही.

रमेश बाहेर आला. काळूने त्याच्या अंगावर उडी घेतली आणि रमेश त्याच्या मानेत तोंड खुपसून रडायला लागला. मामा जीपमधून उतरले, पण दाराबाहेरच उभे राहिले.

"आत या ना बाबा."

मामा माझ्याकडे वळले. "बाबू, जीपचं काहीतरी बिघडलं म्हनत होता ना तू?"

जीप अगदी ठणठणीत होती.

"हो मामा. चार-आठ दिवस तरी लागतील."

"पाह्य," मामा रमेशला म्हणाले, "मी तं निंगनारच होतो." आणि त्यांनी चपला काढल्या.