जावयाने पाडलेला उजेड

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सासरे पहिल्यांदाच लेकीकडे यायला निघाले आणि इकडे जावई सबबी शोधू लागला. कारण सासऱ्यांना ना लेकीला भेटायची घाई होती, ना जावयाला. त्यांना स्वच्छ डोळ्यांनी आपलं प्रवाळ बघायचं होतं.

सासूबाई गेल्यावर त्यांनी घर आवरलं, तेव्हा खाऱ्या पाण्याची काचेची टाकी जावयाच्या स्वाधीन केली होती. आत सासूबाईंनी लावलेलं जिवंत, हिरवंगार प्रवाळ. त्याच्या रंगाला मिळती लोकर शोधून त्यांनी नवऱ्याला स्वेटर विणला होता. टाकीवरचा दिवा मात्र जुना, मिणमिणता. जावयाचा धंदा दागिन्यांच्या दुकानांत दिवे बसवण्याचा. काचेमागचा माल झगमगलाच पाहिजे, हे रक्तातच भिनलेलं. त्याने उत्तमातला एलईडी आणला. प्रवाळाच्या अंगात राहणारं शेवाळ त्याला पोसतं, रंगही देतं, त्या शेवाळाला उजेडाची सवय हळूहळू लावावी, असं दिव्यासोबतच्या पत्रकात म्हटलं होतं. पण दुकानाचं उद्घाटन कोणी हळूहळू करतं का? याने पहिल्याच दिवशी दिवा पूर्ण उजेडावर लावला.

प्रवाळ फिकटलं. उजेड कमी पडतोय असं समजून त्याने दिवा आणखी खाली आणला. प्रवाळ पांढरंफटक पडलं.

"आईची एवढीच आठवण होती," बायको म्हणाली.

सासरे आले तेव्हा टाकीवर फक्त निळा दिवा चालू होता. निळ्यात सगळंच देखणं दिसत होतं, जावयाचा चेहरासुद्धा.

"छान," सासरे म्हणाले. "आता पांढरा लाव."

बटण बिघडल्याचं जावयाने सांगितलं. बायकोने पुढे होऊन ते दाबलं.

सासरे बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे हे पांढरंच होतं होय? मोतीबिंदूपायी मला इतकी वर्षं हिरवं दिसत होतं."

सुटलो, असं वाटून जावयाने मान डोलवायला सुरुवातही केली. तेवढ्यात सासऱ्यांनी अंगातल्या हिरव्या स्वेटरची बाही काचेला लावली.

"मग तुझ्या सासूनं हा स्वेटरही पांढराच विणला असणार."

मान मध्येच थांबली. "नाही बाबा. हिरवंच होतं. मी भाजलं."

"दिसतंय. ऑपरेशन डोळ्यांचं झालंय, जावईबापू, डोक्याचं नाही."

बाही त्यांनी काचेवरून काढली नाही. जावई उजेड कमी करत गेला, करत गेला, अगदी जुन्या दिव्याइतका मंद होईपर्यंत. बऱ्याच वेळाने प्रवाळाच्या टोकाशी एक बारीकसा तंतू हलला.

"धुगधुगी आहे," सासरे म्हणाले. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा खिशातून काढून त्यांनी टाकीवर ठेवला. "माझं काम झालं. आता हा त्याला घाल."