पिवळ्या शर्टाचे पाहुणे

हमरापूरच्या मूर्तिकार काळुरामला रोह्याजवळच्या अष्टमी गावाला जायचं होतं आणि कोणाच्या लक्षात राहायचं नव्हतं. लेक समीक्षासाठी तिथल्या प्रविणचं स्थळ आलं होतं. मुलगा कंपनीत, घर स्वतःचं. फक्त त्याचं लग्न आधी एकदा ठरून मोडलं होतं. का मोडलं, हे कळल्याशिवाय होकार द्यायचा कसा? पूर्वी अशी खबर बांगड्या भरणारा कासार आणायचा. बायकांचा हात हातात घेऊन बसला की घराघरांतलं सगळं त्याला कळायचं. आता कासार दुकानात बसतो, म्हणून बापालाच जावं लागतं.

"शर्टावर रंगाचा ठिपका नको," काळुराम बायकोला, सरूला, म्हणाला. "रंग दिसला की लोक लगेच वळखतात, गणपतीवाला आला म्हणून."

ठिपका नसलेला शर्ट घरात एकच होता. मूर्तींना नेसवायच्या पीतांबराचं कापड उरलं, त्याचा सरूने दिवाळीला शिवलेला. पिवळाधमक, बटणपट्टीला सोनेरी काठ. पण बारा महिने पीतांबर नेसलेल्या दीडशे गणपतींत बसणाऱ्या माणसाला त्यात वेगळं काही दिसलं नाही. सरूलाही नाही.

"साधा हाय, नाय गो?"

"साधाच हाय. जावा."

रोह्याला उतरून, पूल ओलांडून तो भर दुपारी अष्टमीत शिरला. सलूनवाल्याला हळूच विचारलं, "इथं तो कंपनीतला प्रविण हाय ना, पोरगा कसा हाय?"

"चांगला हाय. तुम्ही कुठल्या बँडमधले?"

वाणी म्हणाला, "निर्व्यसनी पोरगा. हे कापड मीटरवर मिळतं काय हो?" नळावरच्या बाईने तर कुठल्या पालखीबरोबर आलात, असंच विचारलं. लग्न का मोडलं, ते कोणी सांगेना. ज्याला त्याला शर्टाचंच कुतूहल.

संध्याकाळी रोहा स्टेशनवर शेंगदाणेवाल्याने पुडी हातात ठेवली. त्याला काळुरामने जन्मात पाहिलं नव्हतं.

"काका, प्रविणची चौकशी झाली काय पुरी?"

काळुरामने पैसे टेकवले आणि गाडीकडे धाव घेतली.

दुसऱ्या दिवशी प्रविणच्या आईचा, सीताबाईंचा, फोन आला. "रविवारी येतोय आम्ही. तुमच्याकडनं ते पिवळ्या शर्टाचे पाहुणे आलेले ना, त्यांना बोलवून ठेवा."

"मोडलं," काळुराम फोन ठेवत म्हणाला. "आता सगळ्यांसमोर विचारतील, चोरून कशाला आलात म्हणून."

"पांढरा घाला," सरू म्हणाली. "बघू कोण वळखतंय."

रविवारी काळुराम पेणहून आणलेला नवा पांढरा शर्ट घालून बसला. सीताबाई आल्या, प्रविण आला आणि शेजारी म्हणून तो सलूनवालाही आला. काळुरामने मान खाली घातली.

"ते पाहुणे कुठं?" सीताबाईंनी विचारलं.

"त्यांना जमलं नाय."

सलूनवाला काळुरामकडे निरखून बघत होता. "थोडे ह्यांच्यासारखेच होते," तो म्हणाला. "पण ते उंच. आन गोरे."

"मग थांबतो आम्ही. त्यांच्याशिवाय बोलणी नाय." सीताबाईंनी कप खाली ठेवला. "मागच्या टायमाला मुलीचे मामा गुपचूप येऊन गेले. कधी आले, कधी गेले, कोणाला पत्ता नाय. आमच्या आळीत प्रविण तिघं. एक पितो, त्याचं ऐकून गेले आन लग्न मोडलं. आम्हाला विचारलं पण नाय. ह्या पाहुण्यांनी लपवलं काय नाय. अख्ख्या अष्टमीला दिसेल असा शर्ट घालून आले. एवढा सरळ माणूस ज्या घरात, तिथली पोरगी डोळे मिटून करावी."

सरूने तोंडाला पदर लावला. दाराआडून समीक्षाने बापाला आत यायची खूण केली. "आलोच," म्हणून काळुराम उठला आणि बाहेर आला तो पिवळाधमक.

सलूनवाला ताडकन उभा राहिला. "हेच ते."

सीताबाईंनी हात जोडले, स्वतःची खुर्ची पुढे केली, पाहुण्यांना बसवलं. मग सरूकडे वळून म्हणाल्या, "आता मुलीच्या वडलांना बाहेर बोलवा. सुपारी फोडायची हाय."