बगिच्यातलं निंदण

अमरनं आईवडिलांना यवतमाळला आणलं, तेव्हा लेआउटमधल्या घराची मोठी सोय म्हणून समोरचा नगरपालिकेचा नवा बगिचा दाखवला. मथुराबाईंना त्याचं काडीचं कौतुक वाटलं नाही. त्यांना घोर लागला होता नवऱ्याचा. बोंडअळीच्या वर्षी कपाशीवर फवारणी करून आले, तेव्हा किसनरावांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली ती कायमची. मग वावर मक्त्यानं दिलं. इथं आल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत आणि अर्ध्या भाकरीवर उठत. असंच चाललं तर हा माणूस दिवाळीपर्यंत टिकत नाही, हे मथुराबाईंना स्पष्ट दिसत होतं.

शेवटी एका सकाळी हाताला धरून त्यांनी नवऱ्याला बगिच्यात नेलं आणि बाकावर बसवलं. समोर पाहतात तर काय, चांगली काळी जमीन, दाराशी पाणी आणि सगळीकडे नुसतं गवत!

“बाप्पा! कोन्या आळशाचं वावर हाये व हे?”

“काय झालं?” किसनरावांनी विचारलं.

“गवतानं खाल्लं सारं. पीक तं दिसूनच नाही राह्यलं.”

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. चाळीस वर्षं निंदण केलेली बाई गवतासमोर हात बांधून बसणार कशी? दुसऱ्या दिवशी त्या सुनेचं नवंकोरं उलथनं पदराखाली लपवून घेऊन आल्या आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली. नेरहून लेकीकडे आलेल्या रामीबाई साखर वाढली म्हणून तिथं चकरा मारत असत.

“चालून काय व्हते व माय? सरक जराशी,” म्हणत त्यांनीही पात धरली. मागोमाग आणखी दोघी बसल्या. हात चालू लागले तसं तोंडही चालू लागलं. सुनांचा उद्धार झाला, मेलेल्या बैलांची आठवण निघाली, मथुराबाई एकदा तर मोठ्यानं हसल्या. पात बांधापर्यंत पोचली का, हे किसनराव बाकावरून विचारत, “धुऱ्यालोक आल्या का?” आणि एका रात्री तर त्यांनी दुसरी भाकर मागितली. मथुराबाईंचा जीव भांड्यात पडला.

चौथ्या दिवशी बगिच्याचा माळी गोविंदा पुसदहून साळ्याचं लग्न उरकून आला आणि फाटकातच मटकन बसला.

“माय, लॉन कुठी गेली?”

“ते काय असते?”

“गवत व! मी लावलं होतं!”

“लावलं?” मथुराबाई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. “गवत? मुद्दाम?”

“रविवारी उद्घाटन हाये. पालिकेचे साहेब मले घरी बसवते आता!”

चारी बायांची तोंडं उतरली. उपटलेलं गवत परत लावावं, तर निम्मं रामीबाईंनी शेजारच्या बकऱ्यांना घातलेलं. पण पोराची नोकरी जाऊ द्यायची नाही, असं ठरलं. शनिवारी सगळ्या उजाडताच हजर झाल्या. दोरीचं एक टोक किसनरावांच्या हातात दिलं, दुसरं गोविंदानं धरलं आणि उरलेलं गवत दोरीखाली लावत सुटल्या. गोविंदाही बोरी अरबच्या वावरात वाढलेला. त्यामुळे चुकतंय काय, हे संध्याकाळपर्यंत कोणाच्याच ध्यानात आलं नाही. मधे दोन-दोन हात मोकळी जमीन सोडून सरळ ओळी उभ्या राहिल्या होत्या. एक खाडा नाही. मथुराबाईंना भरून आलं. शेवटच्या तीन हंगामांत त्यांच्या वावरात अशी एकही ओळ धड उगवली नव्हती.

तेवढ्यात साहेब आले.

“ही लॉन आहे की कपाशी? मध्ये बैलांचा डवरा फिरवायचा आहे का?”

“फिरते ना साहेब, आरामात,” गोविंदा अभिमानानं बोलून गेला.

त्याची नोकरी वाचली, कारण दुसरा माळी मिळत नव्हता. पण साहेबांनी तिथल्या तिथे सगळ्या ओळी उपटायला लावल्या. रात्रीतून ट्रक आला आणि गवताच्या तयार गालिच्यानं सारी जमीन झाकून टाकली. सकाळी पाटी लागली : गवताला हात लावू नये.

उद्घाटनाची गर्दी पांगल्यावर मथुराबाई किसनरावांना बाकावर घेऊन आल्या. आता हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करील, या भीतीनं त्या खोटं बोलल्या.

“ओळी मस्त उभ्या हायेत बरं का. साहेब बी खुश झाले.”

“कायले लबाड बोलतं?” किसनराव हलकेच म्हणाले. “मले दिसत नाही, पन रातचा ट्रक आयकू आला ना.”

मथुराबाई त्यांच्याजवळ सरकून बसल्या. म्हणाल्या, “वाईट वाटलं असन तुमाले. तुमचा जीव रमला होता इथं.”

“माहा?” किसनरावांना खरंच नवल वाटलं. “बाकावर बसून माहा कायचा जीव रमते? वावर गेल्यापासून तू घरात एक सबद बोलत नव्हती. माह्या गळ्याखाली घासच उतरे ना. इथं निंदताना बोलाले लागली, म्हून मी येत होतो.”

मथुराबाई हिरव्यागार गवताकडे पाहत राहिल्या.

“बोल ना आता,” किसनराव म्हणाले.

त्यांनी दोनदा तोंड उघडलं. पण हात रिकामे ठेवून बोलायचं कसं, हे त्यांना उभ्या जन्मात कोणी शिकवलंच नव्हतं.