सासूबाई कोणत्या गाडीत बसणार

धोंड्याच्या महिन्यात दोन्ही जावयांना एकाच दिवशी बोलावण्याची चूक अण्णाजींनी केली, ती दमून केली. एकदाच अनारसे तळायचे, एकदाच दिवा लावायचा, दोघांच्या पायांवर एकदाच पाणी घालायचं आणि मोकळं व्हायचं, एवढाच त्यांचा विचार होता. थोरला रूपराव रोहण्याहून आला तो अँबेसेडर घेऊन. धाकटा ओमप्रकाश नाचणगावहून आला तो फियाट घेऊन. दोन्ही गाड्या पांढऱ्या. अंगणात त्या एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहिल्या, सवती पाणवठ्यावर राहतात तशा, आणि त्या घटकेपासून घरात दुसरा विषय निघाला नाही.

गाव आंजीपासून आत, काळ्या मातीच्या कच्च्या रस्त्यावर. तिथं मोटार यायची ती पाच वर्षांतून एकदा, मतं मागायला. आता एकाच दारात दोन उभ्या, म्हणून शेजारचे नत्थूजीसुद्धा बैल सोडायचे राहून कुंपणाशी टेकले होते.

रूपरावची संत्र्याची बाग. त्याच्या मते अँबेसेडर ही गाडी नव्हेच, ते चाकावरचं घर. तिच्यात संत्र्याच्या पेट्या बसतात, वऱ्हाडी बसतात, आणि मागच्या उन्हाळ्यात आजारी वासरू तिच्यातूनच आर्वीला नेलं होतं, ते त्यानं जेवताना दोनदा सांगितलं. ओमप्रकाशचं पुलगावात सिमेंट-लोखंडाचं दुकान. पण त्याचे हात कधी सिमेंटचे दिसायचे नाहीत, कारण खिशात पिवळं फडकं असायचं आणि ते फियाटच्या अंगावरून फिरत असायचं. घर पाहिजे असेल तर माणसानं घरात बसावं, असं त्यानं अनारसा मोडता मोडता सुनावलं. गाडी कशी, बोट लावलं की वळली पाहिजे.

बहिणी दोघी कालपर्यंत एका ताटात जेवणाऱ्या. थोरली सुलोचना, धाकटी गुलाब. गुलाबला सातवा महिना होता. ती सहज बोलून गेली की फियाटच्या गादीनं कंबर दुखत नाही. सुलोचना नुसती उठून स्वयंपाकघरात गेली, आणि तिथून भांड्यांचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला.

या सगळ्यात भागीरथाबाई चुलीपाशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. निवडत होत्या म्हणजे बोटांनी चाचपत होत्या. वर्ष झालं, दोन्ही डोळ्यांत मोतिया उतरला होता. भातात खडा लागला की अण्णाजी तो न बोलता ताटाच्या कडेला ठेवत, आणि तेवढ्या आवाजावरून बाईंना कळत असे. दुसऱ्या दिवशी वर्ध्याला नागपूरचे डोळ्यांचे डॉक्टर यायचे होते. सकाळी जे पोचतील त्यांचे डोळे पाहायचे, आणि ज्यांचा मोतिया पिकला असेल त्यांना पोळ्यानंतरची ऑपरेशनची तारीख द्यायची. चुकलं तर मग थेट दिवाळी उलटल्यावर. आणि गुलाबचे दिवस दिवाळीच्या तोंडावरच भरत होते. सुलोचनाच्या धाकट्याला बाईंनी अजून हातानंच पाहिलं होतं. नाक बापाचं, एवढं बोटांना कळलं होतं. हे येणारं नातवंड तरी त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. बाकी त्यांचं कुणाकडे मागणं नव्हतं.

संध्याकाळी रूपराव म्हणाला, "मामी, सकाळी मी नेतो तुमाले. झोपून गेल्या तरी चालते, येवढी जागा हाय."

ओमप्रकाशनं फडकं खिशात घातलं. "त्या रस्त्यानं हिंदकळून डोये जागेवर राह्यले पायजे ना. माह्या गाडीत बसा, मामी. पेल्यातलं पाणी हालत नाई."

"पाणी पाजाले नाई न्यायचं, डॉक्टरकडे न्यायचं हाय."

"म्हूनच म्हणतो."

धोंड्याचा महिना, जावई म्हणजे साक्षात नारायण. एकाच्या गाडीत बसावं तर दुसऱ्याचा मान जातो, आणि या महिन्यात गेलेला मान पुढच्या धोंड्यापर्यंत परत येत नाही. अण्णाजींनी कपाळ चोळत तोड काढली. जाताना सासूबाई थोरल्याच्या गाडीत. येताना धाकट्याच्या. आणि जाताना धाकट्याची गाडी रिकामी जाऊ नये म्हणून तिच्यात स्वतः अण्णाजी. म्हणजे एका म्हातारीला वर्ध्याला नेण्यासाठी दोन मोटारी निघणार होत्या.

भागीरथाबाईंना विचारलं तेव्हा त्या तांदळातून हात न काढता पुटपुटल्या. लहानपणापासून जात्यावर बसलेल्या बाई त्या. जीव शिणला की त्यांच्या तोंडून आपोआप ओवी येई.

*दोन जवायांच्या बाई, दोन गाड्या दारामंदी,*
*माह्या डोयाले दिसते, एकच कापसाची गंजी.*

ती ओवी कुणी मनावर घेतली नाही. नत्थूजी तेवढे कुंपणापलीकडून हसले.

सकाळी निघाले. रात्री पाऊस पडून गेला होता, कपाशीची पऱ्हाटी गुडघाभर हिरवी झाली होती, आणि रस्ता लोण्यासारखा चकाकत होता. अँबेसेडर पुढे, फियाट मागे. पुढचीच्या चाकांचा चिखल मागचीच्या काचेवर. ओमप्रकाशनं थोडा वेळ सोसलं. मग थांबून काच पुसली. पुन्हा चिखल. पुन्हा पुसली. शेजारी बसलेल्या अण्णाजींनी सांगून पाहिलं की बापू, जरा अंतर ठेवा. पण अंतर ठेवणं म्हणजे मागे राहणं. नाल्याअलीकडे रस्ता जरा रुंद वाटला, तिथं त्यानं फियाट उजवीकडून काढली. रूपरावनं आरशात ते पाहिलं आणि अँबेसेडरही जराशी उजवीकडेच घेतली. वाट कोणीच दिली नाही. दोघेही मधला कडक पट्टा सोडून कडेच्या काळ्या मातीत उतरले, आणि श्रावणातली काळी माती एकदा चाक धरते ती आईनं लेकरू धरावं तशी. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी, एकीचा आरसा दुसरीच्या आरशाला टेकलेला, आणि मधली दारं उघडायला जागा नाही.

दोघांनी गाड्यांना जोर दिला तशा गाड्या आणखी खाली बसल्या.

एकानं स्टिअरिंग धरावं, दुसऱ्यानं ढकलावं, की एक तरी निघाली असती. पण रूपराव फियाटला हात लावायला तयार नव्हता. "डबडं हाय ते, हात लावला तं चेपते," असं तो म्हणाला. ओमप्रकाशनं सांगितलं की तो घरं ढकलत नाही, घराला पाया असतो. खरं तर दोघांच्याही मनात दुसरी एक गोष्ट होती. कोणी आधी ढकललं, त्याची गाडी मागे राहिली असा अर्थ झाला असता.

अण्णाजींनी धोतर खोचलं आणि अँबेसेडरला खांदा लावला. तेव्हा मात्र दोघे धावले. सासऱ्यानं ढकलावं आणि आपण पाहावं, हे कसं शोभेल. पण आता अण्णाजीच अडून बसले. धोंड्याच्या महिन्यात जावयाकडून चिखल उपसून घेणं हे पाप, ते त्यांच्या दारी नको. "तुमी बसा सावलीले," ते म्हणाले, "मी ढकलतो." जावई म्हणत, तुम्ही बाजूला व्हा. सासरे म्हणत, तुम्ही बाजूला व्हा. असं एकमेकांना मान देता देता अण्णाजींचा पाय घसरला आणि ते चिखलात बसले, आणि तसेच बसून राहिले, कारण उठून तरी काय करायचं होतं.

एवढ्यात रूपरावनं मागे पाहिलं. अँबेसेडरचं पलीकडचं दार उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं.

भागीरथाबाई बऱ्याच लांब गेल्या होत्या. हातात वहाणा, लुगडं घोट्यावर, एक हात पऱ्हाटीच्या शेंड्यांवरून फिरवत त्या सावकाश चालल्या होत्या. पक्क्या रस्त्याला जायचं, तिथून एस.टी. धरायची, असं मनाशी ठरवून निघाल्या होत्या. फक्त चालल्या होत्या त्या घराच्या दिशेनं.

दोघे जावई पळत गेले. रूपरावनं एक हात धरला, ओमप्रकाशनं दुसरा.

"मामी, कोठी चालल्या तुमी?"

बाई थांबल्या. त्यांनी आवाजाच्या रोखानं मान वळवली. राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. दळण संपता संपता जातं जसं हळू होतं, तसा आवाज झाला होता.

"मले गाडी दिसत नाई, बापू. तुमचं तोंड दिसत नाई. रस्ताही दिसत नाई. कोणती मोठी अन् कोणती चांगली, ते तुमी मंग ठरवजा. आता येवढं सांगा, वर्धा कोणीकडे हाय?"

दोघांनी एकाच वेळी बोट दाखवलं. मग लक्षात आलं की बोट दाखवून उपयोग नाही. त्यांनी मुकाट्यानं बाईंना वळवलं. चिखलात बसलेल्या अण्णाजींना गाड्यांपाशी ठेवलं, नत्थूजींचे बैल आणवा म्हणाले, आणि सासूला मध्ये धरून ते आंजीच्या पक्क्या रस्त्याला लागले. वाटेत खड्डा आला की रूपराव म्हणायचा, उजवीकडून. ओमप्रकाश म्हणायचा, डावीकडून. बाई मधूनच पाय टाकत गेल्या.

आर्वीहून वर्ध्याला जाणारी एस.टी. मिळाली. बाईंना एका शाळकरी मुलीनं जागा दिली. जावई उभे राहिले, वरच्या दांडीला धरून, गुडघ्यापर्यंत चिखलात. कंडक्टरनं त्यांना विचारलं, शेतातून आले का. दोघेही हो म्हणाले.

वर्ध्याला दवाखान्याच्या ओसरीवर ही गर्दी. तरी नंबर लागला. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, वाट पाहायला लावली, उजेड टाकून पाहिलं आणि मोतिया पिकला आहे म्हणून सांगितलं. पोळा झाल्यावर या. भागीरथाबाईंनी ते पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग त्या बाहेर येऊन बाकावर बसल्या. थेंबांमुळे उजेड सोसत नव्हता, म्हणून डोळे मिटून, पदर कपाळावर ओढून, पण तोंडावर असं समाधान की शेजारच्या बाईनंही विचारलं, तारीख मिळाली वाटते.

शेजारची बाई म्हणजे आर्वीच्या आनंदाबाई. त्यांचा मुलगा हिरालाल त्यांना घेऊन आला होता. फाटकाशी त्याची गाडी उभी होती. नवी निघालेली मारुती, आकाशी रंगाची, सीटवरचं प्लास्टिकही अजून न काढलेलं. हिरालाल माणूस गोड, पण नवी गाडी घेतलेल्या माणसाला जे होतं ते त्याला झालं होतं. या दोघांची कहाणी ऐकून तो हसला. काका, म्हणाला, त्या दोन्ही गाड्यांचा जमाना गेला आता. एक हत्ती आणि एक घोडा. हत्ती-घोडे कोणी पाळते का आजकाल?



"घोडा?" रूपराव म्हणाला. "इकडे पाय भाऊ. माह्या साडूची फियाट हाय ते. पेल्यातलं पाणी हालत नाई तिच्यात. माहीत हाय का तुले?"

"अन् हत्ती कोणाले म्हणून राह्यला?" ओमप्रकाश पुढे सरसावला. "अँबेसेडरमध्ये यायनं आजारी वासरू नेलं, आर्वीले, तुह्याच गावाले. तुह्या डब्बीत कोंबडं तरी बसते का?"

दोघे बराच वेळ बोलत राहिले. एकमेकांच्या गाडीचे असे गुण त्यांनी सांगितले की ते मूळ मालकांनाही ठाऊक नसावेत. मिटल्या डोळ्यांनी भागीरथाबाई ऐकत होत्या. लग्नं झाल्यापासून हे दोघे एका बाजूनं बोलताना त्यांनी पहिल्यांदाच ऐकले. थोडा वेळ त्यांनी ते सुख भोगलं. मग आवाजाच्या रोखानं म्हणाल्या, "हिरालालबापू, तू आर्वीलेच जाशीन ना? तुह्या गाडीत आमची जागा होईन का आंजीपर्यंत? आमच्या दोन्ही चिखलात हायेत."

हिरालालनं मोठ्या मनानं होईल म्हटलं. मागे दोघी बायका ऐसपैस बसल्या. साडू-साडू पुढच्या एका सीटवर. खाली रूपराव, त्याच्या मांडीवर अर्धा ओमप्रकाश, आणि हिरालालला गिअर टाकायचा असला की ओमप्रकाशनं आपला गुडघा उचलायचा. वर्धा मागे पडलं. पवनार नव्हे, सेवाग्राम नव्हे, साध्या आंजीच्या रस्त्यावर, दोन्हीकडे पऱ्हाटी वाऱ्यानं डुलत असताना, ओमप्रकाशनं खिडकीबाहेर पाहत विचारलं, "ॲव्हरेज काय देते?"

हिरालालनं आकडा सांगितला.  मग साडूच्या पाठीमागून रूपरावचा दबलेला आवाज आला, "डिक्कीत पेट्या किती राहतीन?"

आंजीच्या फाट्यावर अण्णाजी उभे होते. नत्थूजींच्या बैलांनी दोन्ही गाड्या ओढून पक्क्या रस्त्यापर्यंत आणल्या होत्या, आणि अण्णाजींनी ओल्या गोणपाटानं त्या पुसूनही ठेवल्या होत्या, दोन्ही सारख्या, कोणाचा मान कमी होऊ नये म्हणून. बायका उतरल्या. भागीरथाबाईंनी नवऱ्याचा हात शोधला आणि म्हणाल्या, "तारीख भेटली. पोया झाल्यावर."

अण्णाजींनी नुसता हात दाबला. मग मारुतीकडे पाहून विचारलं, "जवाईबापू काऊन उतरून नाई राह्यले?"

"राहू द्या त्याईले," बाई म्हणाल्या. "आपण चाला."

येताना धाकट्याच्या गाडीत बसायचं ठरलं होतं, ते दोघा जावयांपैकी कोणालाही आठवलं नाही. चिखल चुकवत, हातात हात धरून म्हातारा-म्हातारी कच्च्या रस्त्याला लागली. थोडं अंतर गेल्यावर मागून बोलणं ऐकू आलं. बुक करायची तर पांढरीच करावी, रूपराव सांगत होता, पांढऱ्यावर धूळ दिसत नाही. ओमप्रकाश म्हणत होता की धूळ दिसतच नसेल तर पुसायची काय, लालच पाहिजे.

भागीरथाबाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि पावलं जरा झपाझप टाकायला सुरुवात केली.