सुरभीच्या स्थळाची ब्लॉकचेन

मला ब्लॉकचेन कळली आहे! आमच्या कॉलेजात ती कळलेला मी एकटाच, असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या कुणाला कळली असेल, तर त्याने तसं दाखवलेलं नाही!

उन्हाळ्यात आम्हा वाणिज्यच्या प्राध्यापकांचं प्रशिक्षण झालं. हिशेबात ब्लॉकचेन, मार्केटिंगमध्ये ब्लॉकचेन, मनुष्यबळात ब्लॉकचेन, मालाच्या पुरवठ्यात ब्लॉकचेन! सार एकच. एकट्याच्या शब्दावर भरवसा ठेवायचा नाही. प्रत्येकाने दुसऱ्याला न विचारता आपापलं तपासायचं. सगळ्यांचं जुळलं, की नोंद पक्की!

आणि नेमकं तेव्हाच माझ्या सुरभीला स्थळ आलं. मुलगा रजत, सावंगीला फिजिओथेरपिस्ट, स्वतःचा छोटा दवाखाना. तो घरी येऊन पोहे खाऊन गेला आणि सुरभीने मला बाजूला घेतलं.

"बाबा, मले हा पोरगा आवडला. लय आवडला. तुम्ही फक्त हो म्हणा. काही डोकं नका लावू."

डोकं लावू नका! आणि हे वाणिज्य विभागप्रमुखाला! एकुलती एक पोर माझी. ती सासरी जाणार. डोकं नाही लावणार तर काय करणार?

मी गुपचूप बैठक बोलावली. थोरली बहीण रुख्माताई, कवडूकाका आणि साळा ओमप्रकाश. ओमप्रकाशचं किराणा दुकान, म्हणून हिशेब त्याच्याकडे: दवाखाना चालतो का? काकांकडे मार्केटिंग: लोकांत नाव कसं आहे? ताईकडे मनुष्यबळ: पोरगा तापट तर नाही? आणि पुरवठा, म्हणजे माणूस मुळात कुठला, कसा, ते माझ्याकडे.

"आपसात एक शब्द बोलायचा नाई!" मी बजावलं. "कोण कसं तपासते, ते दुसऱ्याले कळलंच नाई पाहिजे."

"अन् सुरभीले?" ताईने विचारलं.

"तिले तर बिलकुल नाई!"

सोमवारी सकाळी मी टोपी, मास्क, काळा चष्मा असा जामानिमा करून दवाखान्यात शिरलो. गुडघा दुखतो म्हणालो आणि नाव सांगितलं तानबा. वळून बघतो तर काय! मागे रुख्माताई, काठी टेकत! बाकावर कवडूकाका, मानेला पट्टा! शेजारी ओमप्रकाश, हात गळ्यात अडकवलेला, तोही बायकोच्या ओढणीत!

नियम म्हणजे नियम. चौघंही अनोळखी चेहऱ्यानं बसलो. पण काकांना राहवेना. मार्केटिंगचं काम ना! त्यांनी शेजारच्या 'पेशंट'ला, म्हणजे ओमप्रकाशलाच विचारलं, "काहो, डॉक्टर कसा आहे हा?"

"मले काय मालूम! मी पेशंट मोजून राह्यलो!"

"तानबाजी!" आतून हाक आली. मी शांत. "तानबाजी!" मी पुन्हा शांत. तानबा कोण, हे मी साफ विसरलो होतो.

"अरे प्रभाकर, ऊठ ना!" ताई ओरडली. "तुलेच बोलावून राह्यले!"

दारात रजत उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे, काकांकडे, ओढणीकडे. "काका? तुम्ही? अन् हे सगळे घरचेच का?" पोराचा चेहरा उतरला. "अपघात झाला का कुठं?" आणि आम्ही काही बोलायच्या आत त्याने घाबरून सुरभीला फोन लावला!

सुरभी पिपरीच्या आमच्या घरून स्कूटीवर आली ती धापा टाकतच. आम्हा चौघांना धडधाकट बघून आधी तिचा जीव भांड्यात पडला, आणि मग सगळं तिच्या लक्षात आलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"बाबा, याच्यावर नाई तर नाई, पण माह्यावर तरी भरवसा ठेवायचा होता. आता हा नाई म्हणल, तर मी काय करू?"

मी चष्मा आणि मास्क काढला. "बाई, तुह्यावर भरवसा आहे गं," मी म्हणालो. "मीच घाबरलो होतो. तू जाशील, अन् तिकडं तुले कोणी दुखवलं तर, एवढीच धास्ती होती."

रजतने सगळ्यांना आत घेतलं आणि मुकाट्यानं एकेकाला तपासलं. माझ्या गुडघ्यावर त्याने अंगठा दाबला मात्र, माझी किंकाळी रस्त्यावरच्या रसवंतीपर्यंत गेली!

"काका, बाकीच्यांले काहीच नाई झालं. तुमचा गुडघा मात्र खरंच खराब आहे. कधीपासून दुखते?"

"बाबा, सांगितलं काऊन नाई?" सुरभी डोळे पुसत जवळ आली.

"तुह्यं लग्न झालं की दाखवणार होतो."

ती खाली बसली आणि माझा गुडघा कुशीत घेतल्यासारखा धरून राहिली. रजत थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"काका, माह्याकडून होकार आहे," तो म्हणाला. "पण एक अट आहे."

अट! ओमप्रकाशचा हात आपोआप ओढणीतून बाहेर आला.

"कन्यादानाले तुम्ही पाटावर मांडी घालून बसले पाहिजे. खुर्ची चालणार नाई. रोज व्यायाम करा, मी शिकवतो."

"माह्याकडून पक्कं!" ताई काठी फेकून ओरडली. काका आणि ओमप्रकाशनंही माना डोलावल्या. काकांनी तर मानेला पट्टा असताना!

तेव्हापासून रजत संध्याकाळी घरी येतो, माझा पाय वर-खाली करतो आणि मधूनच सुरभीकडे बघून हसतो. काल मी पहिल्यांदा पाटावर मांडी घालून बसलो! घरभर टाळ्या वाजल्या. सुरभीचे डोळे भरून आले. माझेही आले. तिचे आनंदानं. माझे... मला उठताच येत नव्हतं हो!