चाळिसावीची अखंड झोप

मूल आजारी पडलं की आईबापांच्या तोंडचं पाणी पळतं, आणि मूल फारच आजारी पडलं की विज्ञानाची प्रगती होते. या दोन्ही घटना एकाच मजल्यावर घडत असल्यामुळे मध्ये काचेचा दरवाजा बसवलेला असतो.

या दरवाजाच्या आत लहान मुलांचा अतिदक्षता विभाग होता. आठ खाटा, आठ व्हेंटिलेटर (पैकी सात चालू, आठव्यावर टॉवेल वाळत असत) आणि एक संशोधन. संशोधनाचं नाव ‘व्हेंटिलेटरवरील बालकांच्या अखंड झोपेचे मूल्यमापन’. विषय थोर होता. झोप मोडली की मूल बरं व्हायला वेळ लागतो, हे कुणीही मान्य करेल. ती किती मोडते हे मात्र आजवर कुणी धीराने मोजलं नव्हतं.

पद्धत साधी होती. दर दोन तासांनी खाटेपाशी जायचं, डोळ्यांवर टॉर्च मारायचा, तीनदा हाक द्यायची आणि तळपायावर टिचकी मारायची. मूल जागं झालं तर ‘झोप खंडित’ या चौकटीत खूण. न झालं तर पुन्हा टिचकी. असे बहात्तर तासांचे छत्तीस फॉर्म भरले की एक मूल पूर्ण झालं. आतापर्यंत एकोणचाळीस मुलं पूर्ण झाली होती, आणि एकोणचाळीसपैकी एकोणचाळीस मुलांची झोप खंडित आढळली होती. इतका स्वच्छ निष्कर्ष शास्त्रात विरळाच. (झोप नेमकी कशामुळे मोडते हे कळलेलं नाही. त्यासाठी वेगळा अभ्यास प्रस्तावित आहे.)

अट एकच. मूल सलग बहात्तर तास व्हेंटिलेटरवर हवं. त्याआधी घशातली नळी निघाली तर मूल ‘गळती’त जाई. वेळेआधी बरं झालेलं मूल आणि वेळेआधी दगावलेलं मूल यांना फॉर्मवर एकच रकाना होता. पानावर तेवढीच जागा उरली होती.

हे फॉर्म भरण्याचं काम शेवटच्या वर्षाच्या निवासी डॉक्टरकडे होतं. परिचारिका त्याला टिचकी डॉक्टर म्हणत, पण पाठीमागे. तोंडावर नुसतंच टिचकी. पोरगा तसा सालस. प्रबंध शनिवारी द्यायचा होता आणि त्यात चाळीस मुलं हवी होती. एकोणचाळीस असतील तर पदवी सहा महिने पुढे. गावाकडे वडिलांनी दवाखान्याची पाटी पदवीसकट रंगवून घेतली होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते ती फडक्याने पुसून दाखवत.

अशा वेळी सोमवारी संध्याकाळी आठ वाजता चाळिसावी दाखल झाली. वय वर्षं चार, न्यूमोनिया, सोबत आई. आई शिवणकाम करायची. घाईत निघताना गळ्यातली मोजपट्टी तशीच राहिली होती. चौदा पानांच्या संमतिपत्रावर टिचकीने जिथे बोट दाखवलं तिथे तिने सही केली.

“यानं ती लवकर बरी होईल ना?” तिने विचारलं.

“भविष्यातल्या मुलांना नक्कीच फायदा होईल,” टिचकी म्हणाला. संमतिपत्रात हेच उत्तर पान सहावर दिलेलं होतं.

गुरुवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे साठाव्या तासाला, दुर्घटना घडली. चाळिसावी बरी झाली.

गुंगीचं औषध कमी केल्यावर तिने डोळे उघडले. छाती साफ होती. ऑक्सिजन उत्तम होता. व्हेंटिलेटरची मदत जवळजवळ काढून घेतली तरी पोरगी आपली आपण श्वास घेत राहिली, जणू तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मोठ्या सिस्टरनी नळी काढायची ट्रॉली आणून लावली. सव्वीस वर्षं त्या याच विभागात होत्या. डॉक्टर आले नि गेले, ट्रॉली तीच.

“चला डॉक्टर, काढू या.”

“जरा निरीक्षण करू, सिस्टर.”

“कुणाचं? तीच तर तुमचं निरीक्षण करतेय.”

खरंच होतं. चाळिसावी टक लावून त्याच्याकडे बघत होती. तिला तो टॉर्चसकट ओळखीचा झाला होता.

टिचकीने बाहेर जाऊन सरांना फोन लावला. सर विभागप्रमुख, परगावी परिषदेला गेले होते. तिथे भिंतीवर लावायचा त्यांचा तक्ता आधीच छापून तयार होता आणि त्यावर ‘एकूण बालके: ४०’ असं हातभर अक्षरात होतं.

“सर, चाळिसाव्या केसमध्ये सुधारणा आहे.”

“अरेरे,” सर म्हणाले. “किती?”

“बरीच, सर. नळी काढता येईल असं वाटतंय.”

“हे बघ, खाटेपाशी तू आहेस. निर्णय सर्वस्वी तुझा. मी कधी कुणाच्या निर्णयात पडत नाही. फक्त तो बारा तासांनी घे.”

बारा तास म्हणजे उरलेले सहा फॉर्म. बारा तासांनी काय मोठं आभाळ कोसळणार होतं? (बारा तास नळी जास्त राहिल्याने काय होतं, याची माहिती पुस्तकात आहे, पण ती दुसऱ्या प्रकरणात.) टिचकी परत आला तेव्हा आई खाटेशी उभी होती.

“डॉक्टर, सिस्टर म्हणाल्या, नळी निघेल. निघेल ना?”

“संध्याकाळपर्यंत.”

“आत्ता का नाही?”

टिचकीने संमतिपत्राची सगळी चौदा पानं मनातल्या मनात उलटली. या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

“तिचे पाय लाल झालेत बघा,” आई हळूच म्हणाली. “तळवे. डास असतील का इथं?”

मोठ्या सिस्टरनी खिडकीबाहेर बघितलं.

दहा वाजता एकतिसाव्या फॉर्मची वेळ झाली. फॉर्मच्या नवव्या रकान्यात ‘हाताची ऐच्छिक हालचाल: होय/नाही’ असा प्रश्न होता. नळी ओढू नये म्हणून मुलांचे हात मऊ पट्ट्यांनी बांधलेले असत. त्यामुळे हा रकाना भरण्यापुरती एक पट्टी सोडावी लागे. आजवर एकोणचाळीस मुलं गुंगीत होती, प्रश्न आला नाही. टिचकीने पट्टी सोडली, हालचाल नीट दिसावी म्हणून जरा मागे सरला आणि पेनाचं टोपण काढलं.

चाळिसावीने हात उचलला, नळी मुठीत धरली आणि ओढून काढली.

सहभाग मागे घेण्याचा हक्क पान अकरावर दिलेला आहे. तिने तो न वाचताच बजावला.

सगळे अलार्म एकदम वाजले. पोरगी खोकली, काळीनिळी झाली, आईने मोजपट्टी दोन्ही हातांनी गच्च धरली. सिस्टरनी ऑक्सिजनचा मास्क चेहऱ्यावर धरला. टिचकीच्या हातात नळी परत घालायचं यंत्र आलं. त्याचा दिवा पेटलेला होता. पंधरा मिनिटांच्या आत नळी परत गेली तर ती ‘तात्पुरता खंड’ मानायची, असा नियम होता. म्हणजे चाळीस पुरे होत होते. घालायला कारणही समोर होतं: ऑक्सिजन ब्याऐंशी. कुणी नाव ठेवलं नसतं.

“घालताय?” सिस्टरनी विचारलं. नुसतंच विचारलं.

ब्याऐंशी. पंच्याऐंशी. पोरगी घोगऱ्या आवाजात “आई” म्हणाली. एकोणनव्वद.

टिचकीने शनिवार आठवला, वडील आठवले, पाटीवरून फिरणारं त्यांचं फडकं आठवलं. त्र्याण्णव. त्याने यंत्राचा दिवा बंद केला.

“नको,” तो म्हणाला. “घेतेय ती.”

नंतर त्याने एकतिसावा फॉर्म पूर्ण केला. नववा रकाना: होय.

दुपारी बारा वाजता चाळिसावी झोपली, ती पाच वाजेपर्यंत हलली नाही. कुणी टॉर्च मारला नाही, हाक दिली नाही. या संपूर्ण संशोधनात नोंदली गेलेली ती एकमेव अखंड झोप. अहवालातून ती वगळण्यात आली, कारण ती इतर नोंदींशी जुळत नव्हती. सरांच्या तक्त्यावर चाळीस तसेच राहिले. खाली बारीक अक्षरात ‘सुमारे’ असं जोडलं. तक्त्याला दुसरं बक्षीस मिळालं. टिचकीला सहा महिने वाढले आणि पट्टी सोडल्याबद्दल लेखी समज मिळाली. चाळिसावी सोमवारी आईच्या कडेवर बसून घरी गेली. पुढे तिला काहीही झालं नाही.

आता वाचकहो, एक विचारायचं आहे. ब्याऐंशी हा आकडा आला तेव्हा आपण थोडे सरसावून बसलात, आणि मुलगी धडधाकट घरी गेली हे वाचून गोष्ट शेवटी जरा पडलीच, असं मनात येऊन गेलं. लाजू नका. टिचकीचे सहा महिने संपलेत, विभागात त्याची जागा रिकामी आहे, आणि अनुभवाची अट नाही.