वाघमारे मॅडम आणि त्यांच्या सूनबाई

आमच्या वाघमारे मॅडमच्या सूनबाईंना चार चाकं होती. अंगावर जुन्या इरकलीचा झगा होता, मॅडमनी स्वतः हातानं शिवलेला, आणि तो दोन नाड्यांनी बांधलेला असे. सूनबाई म्हणजे सोनोग्राफीचं फिरतं मशीन. पोट धरून कळवळत आलेल्या माणसाला वरच्या मजल्यावर पाठवायचं नाही, मशीनच त्याच्या खाटेशी न्यायचं आणि आत काय चाललंय ते तिथल्या तिथं बघायचं, यासाठी आमच्या कॅज्युअल्टीत ते आलं होतं. वायरीवर कुणाचा पाय पडला की मॅडम म्हणत, "अहो, तिचा पदर सोडा." खिडकीतल्या उन्हात ते राहून गेलं की सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, की सूनबाईंनी असा काय गुन्हा केलाय म्हणून त्यांना उन्हात उभं केलंय?

या सगळ्यावर मी पुष्कळ हसलो आहे. कँटीनमध्ये मॅडमची नक्कल करून इतरांनाही हसवलं आहे. आज त्याची लाज वाटते. पण पुढे मी जे केलं त्याच्यापुढे ती नक्कल म्हणजे काहीच नव्हे.

मॅडम अठ्ठावन्न वर्षांच्या, ठेंगण्या, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कॅज्युअल्टीच्या प्रमुख. बोलणं अस्सल पुणेरी, म्हणजे मोजकं आणि बोचरं. राहायला कर्वेनगरला, एकट्या. वडील पोस्टात होते. त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढून मला त्यांच्याविषयी एवढंच ठाऊक होतं, कारण बाकीचं मी कधी विचारलंच नव्हतं.

पोटदुखीचा रुग्ण आला की त्यांचा क्रम ठरलेला. आधी हात, मग पैज, मग सूनबाई. म्हणजे आधी हातानं पोट तपासायचं. मग भिंतीवरच्या फळ्यावर आपला अंदाज लिहायचा. आणि मगच मशीन लावायचं. अंदाज चुकला तर सगळ्यांना चहा. एकदा कॉलेजातला एक मुलगा विव्हळत आला. मी फळ्यावर ठसठशीत अक्षरांत 'अपेंडिक्स' लिहिलं. मॅडमनी त्याला काय काय खाल्लंस ते पहाटेपासून विचारलं, पोटावर बराच वेळ हात ठेवला आणि माझ्या अंदाजाखाली 'मिसळ, चार प्लेट' असं लिहिलं. मशीननं त्यांच्या बाजूनं कौल दिला. दोन तास ठेवून घेतल्यावर मुलानंही दिला, फक्त प्लेट पाच होत्या म्हणाला. चहा मीच पाजला.

रागावल्या की त्या एकदम 'आपण'वर येत. मी एक रुग्ण हात न लावता थेट वर सीटी स्कॅनला पाठवला, तेव्हा म्हणाल्या, "आपण डॉक्टर आहात की पोस्टमन? आलं पत्र की दिलं पुढे?" वडील पोस्टात असलेल्या बाईनं हे म्हणावं याची मला गंमत वाटली. त्या दिवशीचा रुग्ण मात्र मला मुकाट्यानं परत खाली आणावा लागला.

त्यांचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे सकाळचे फोन. आदल्या दिवशी पोटदुखीवर औषध देऊन घरी पाठवलेल्या प्रत्येकाला त्या सकाळी नऊ वाजता स्वतः फोन करत. प्रश्न एकच, "वारा सरला का?" आवाज असा की विभागातल्या बाकीच्या रुग्णांनीही मनातल्या मनात उत्तर द्यावं. बुधवार पेठेतले एक इलेक्ट्रॉनिक्सचे दुकानदार तेव्हा गिऱ्हाइकाला चार्जर दाखवत होते आणि फोन स्पीकरवर होता. "सरला मॅडम," ते दबक्या आवाजात म्हणाले. "किती वेळा?" मॅडमनी विचारलं. त्यांनी पुढच्या आठवड्यात येऊन स्वतः ही हकिकत सांगितली, आणि मॅडमना एक टॉर्चही दिला.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायची टाळावी म्हणूनच मी इतका वेळ मिसळीत आणि चार्जरमध्ये घालवला.

एका दुपारी कसब्यातले एक काका आले. बहात्तर वर्षांचे, उभं आयुष्य तांब्याची भांडी ठोकण्यात गेलेलं. डाव्या कुशीत दुखत होतं आणि कळ पाठीत जात होती. त्यांनी स्वतःच निदान सांगून टाकलं. मुतखडा, जुना पाहुणा आहे, दर दोन वर्षांनी येतो. मी पोट दाबल्यासारखं केलं, इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात कळ कमी झाली. या वयाच्या माणसाच्या पाठीत कळ गेली तर मशीन लावायचंच, हा मॅडमचा पक्का नियम होता. पण मॅडम महापालिकेत बैठकीला गेल्या होत्या. झग्याच्या नाड्या सोडा, जेल लावा, पुसा, पुन्हा झगा चढवा. मला कंटाळा आला. दुसरं कुठलंही कारण नव्हतं. बाहेर गर्दी नव्हती, मला बरं नव्हतं असंही नाही. काकांच्या कागदावर मी लिहिलं, 'खाटेशी सोनोग्राफी केली. विशेष काही आढळलं नाही.' खाली नेहमीचा, कुणालाही न लागणारा सहीचा फराटा ओढला आणि त्यांना घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मॅडमनी काकांच्या घरी फोन लावला. मी शेजारी उभा होतो. वाऱ्याचं उत्तर बरं आलं असावं, पण मॅडम पुढे विचारतच राहिल्या. उभं राहिल्यावर काय होतं, घाम येतो का, चेहरा कसा दिसतो. मग त्यांनी काकूंना सांगितलं की रिक्षा नको, अँब्युलन्स पाठवते, आणि काकांना उठू देऊ नका. अर्ध्या तासात काका आमच्या खाटेवर होते. या वेळी फळा नाही, पैज नाही. मॅडमनी झगा ओढून काढला, त्यात एक नाडी तुटली. पडद्यावर पोटातली मुख्य रक्तवाहिनी दिसली. ती चांगलीच फुगली होती आणि एका बाजूनं रक्त झिरपून साठलं होतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर काका गेले असते. सर्जन धावत आले, ऑपरेशन झालं, काका वाचले.

त्यांच्या मुलानं आदल्या दिवशीचा कागद पुढे केला. सोनोग्राफी झाली होती, मग दिसलं कसं नाही, असं तो विचारत होता. मॅडमनी कागद वाचला. मग मशीनमध्ये साठवलेली चित्रं पाहिली. आदल्या दुपारचं एकही चित्र नव्हतं, आणि नसणारच होतं. त्या मुलाकडे वळून त्या म्हणाल्या, "काल तपासणी झालीच नव्हती. कागद चुकीचा आहे. विभाग माझा आहे, त्यामुळे चूक माझी." हात जोडून त्यांनी त्याची माफी मागितली. मी दोन हात अंतरावर उभा होतो आणि तोंड उघडलं नाही.

मला वाटलं, आता 'आपण' सुरू होणार. मी त्याची वाट पाहत राहिलो. ते आलंच नाही. महिन्याच्या बैठकीत सगळ्या डॉक्टरांसमोर त्यांनी ही हकिकत मांडली, लपवाछपवी न करता, खोट्या नोंदीसकट. फक्त नाव घेतलं नाही. अधीक्षकांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, ज्याचं आहे तो सांगेल, तोवर माझं लिहा. अधीक्षकांनी त्यांना सगळ्यांदेखत बरंच सुनावलं. मी वहीत चौकोन काढत बसलो होतो. त्यानंतर मी त्यांची नक्कल करणं सोडलं, कँटीनमध्ये जाणंही सोडलं. पण बोललो नाही. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज संध्याकाळी तसाच घरी जायचो.

तीन आठवड्यांनी, दुपारी, सिस्टर मला शोधत आल्या. मॅडम तीन नंबरच्या खाटेवर पडल्या आहेत आणि मला बोलावताहेत, म्हणाल्या. मॅडम पोटाच्या उजव्या बाजूला हात दाबून पडल्या होत्या, अंगात ताप होता. रेडिओलॉजीचे सर स्वतः खाली आले होते, त्यांना त्यांनी परत पाठवलं होतं. मला म्हणाल्या, "तू बघ. घाई करू नकोस."

मी सूनबाईंचा झगा उतरवला, जेल लावलं. पित्ताशय फुगलेलं होतं, भिंत सुजलेली, तोंडाशी खडा अडकलेला. मी सांगितलं. पडदा त्यांच्याकडे वळवायला गेलो तर नको म्हणाल्या. "मुख्य रक्तवाहिनी पाहिलीस?" त्यांनी विचारलं. हो म्हणणं अगदी जिभेवर आलं होतं.

"नाही पाहिली," मी म्हणालो.

"मग बघ."

मी पाहिली, वरपासून खालपर्यंत. ती व्यवस्थित होती. तेही सांगितलं.

सर्जननी लगेच ऑपरेशन ठरवलं. सिस्टर संमतीचा फॉर्म घेऊन आल्या. त्यावर मॅडमच्या सहीखाली जवळच्या माणसाची सही हवी होती. कोणाला फोन करू, सिस्टरनी विचारलं. मॅडमनी डोळे मिटले. नागपूरला एक भाऊ आहे, पण बोलणं नाही, म्हणाल्या. मग कोथिंबीर आणायची विसरावी इतक्या साध्या सुरात म्हणाल्या, "सगळा दिवस इथंच जायचा. बाहेर कुणी माणूस जोडायचं राहूनच गेलं." सिस्टर फॉर्म धरून तशाच उभ्या राहिल्या. मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. "याला द्या."

मी पेन हातात घेतलं आणि मला सही करवेना. सिस्टर होत्या, सर्जन होते, पडद्यापलीकडे दोन रुग्ण होते. मी म्हणालो, "मॅडम, मी सही करायच्या लायकीचा नाही. कसब्यातल्या काकांना मीच तपासलं होतं. मशीन लावलंच नाही, आणि लावलं असं मीच लिहिलं."

मॅडमनी डोळे उघडले नाहीत.

"तीन आठवडे लागले तुला," त्या म्हणाल्या. "मुतखडासुद्धा याच्या आधी पडतो."

मला हसू आलं नाही. त्यांनी सांगितलं की अधीक्षकांना आजच्या आज लेखी द्यायचं, आणि उद्या काकांच्या घरी स्वतः जाऊन सांगायचं, फोनवर नाही. मी हो म्हणालो. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आता सही कर. आणि मला आत नेईपर्यंत थांब."

मी सही केली आणि खाटेशेजारी उभा राहिलो. ऑपरेशन थिएटरची माणसं यायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मॅडमनी माझ्या कोटाची बाही घट्ट धरून ठेवली होती.